कोयनेचा भूकंप, रेडॉन आणि आपली घरं

आज 11 डिसेंबर. पाटण खोऱ्यातल्या जुन्या माणसांना ही तारीख समजावून सांगावी लागत नाही. 1967 साली याच तारखेला पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी कोयनानगर हादरलं. सुमारे 180 माणसं गेली, हजारावर जखमी झाली, धरणाच्या भिंतीला तडे गेले, मुंबईची वीज गेली. आमची आजी सांगायची, त्या थंडीत पुढचे कितीतरी दिवस कुणी घरात झोपलं नाही. खळ्यावर, गोठ्याबाहेर, जिथं डोक्यावर काही पडणार नाही तिथं अंथरुणं टाकायची. घराचीच भीती बसली होती.

दरवर्षी या तारखेला मी काहीतरी लिहितो. धरण, विस्थापित, पुनर्वसन, तेच ते आणि तरी न संपणारं. यंदाचा विषय मात्र अमेरिकेतून आलेल्या फोनमुळे सुचला.

माझा चुलतभाऊ न्यू जर्सीत असतो, पार्सिपनीच्या बाजूला. तिथं घर घेतोय. परवा रात्री फोन आला. "दादा, घर पसंत आहे, पण रेडॉनच्या टेस्टमध्ये आकडा सहाच्या वर आलाय. चारच्या आत पाहिजे म्हणतात. आपल्या कोयनेत मोजायचे तोच ना हा रेडॉन? तू मागे लिहिलं होतंस बघ."

लिहिलं होतं खरं. पण भूकंपाच्या बातमीत. घराच्या संदर्भात 'रेडॉन' हा शब्द मी वीस वर्षांच्या पत्रकारितेत एकदाही टाईप केलेला नव्हता. म्हणून गेला आठवडाभर वाचत बसलो. जे समजलं ते इथं मांडतो. थोडं लांबलंय, पण सवडीनं वाचा.

रेडॉन म्हणजे काय?

आपल्याकडे 'रेडियम' म्हणजे गाडीच्या नंबरप्लेटचं दुकान. 'येथे रेडियमची कामे केली जातील' ही पाटी कराड, विटा, इस्लामपूर, कुठल्याही स्टँडजवळ दिसेल. त्या चकाकणाऱ्या पट्टीत रेडियमचा कणही नसतो. खरं रेडियम जमिनीत असतं, अतिशय थोडं, पण जवळपास सगळीकडे. दगडामातीत मुळात युरेनियम असतं. ते कोट्यवधी वर्षं झिजत झिजत रेडियम होतं आणि रेडियम झिजलं की त्याचा वायू होतो. तो रेडॉन. फ्रीडरिख डॉर्न या जर्मन शास्त्रज्ञाने 1900 मध्ये रेडियममधून निघणाऱ्या या वायूची नोंद केली.

या वायूला रंग नाही, वास नाही, चव नाही. हवेपेक्षा तो साडेसातपट जड. दगडातून सुटतो, मातीच्या फटींतून वर येतो आणि जेमतेम 3.8 दिवसांत निम्मा होतो. मोकळ्यावर आला तर वाऱ्याबरोबर विरून जातो, कुणाला काही होत नाही. घरात आला आणि घर बंद असलं तर साठतो. रेडॉन स्वतः श्वासाबरोबर आत जातो आणि बहुतेक तसाच बाहेर येतो. पण तो झिजून तयार होणारे पोलोनियमचे कण वायू नसतात. ते धुळीला, धुराला चिकटतात, फुफ्फुसात जाऊन बसतात आणि तिथं किरण सोडतात. वर्षानुवर्षं हे चाललं की कॅन्सरचा धोका वाढतो.

हे प्रथम कळलं ते खाणकामगारांच्या जिवावर. जर्मनीतल्या श्नेबर्गच्या खाणींतले कामगार पिढ्यान्‌पिढ्या छातीच्या आजारानं मरायचे. लोक त्याला 'डोंगराचा रोग' म्हणायचे. 1879 मध्ये हार्टिंग आणि हेसे या दोन डॉक्टरांनी मृतांची तपासणी करून सांगितलं, की ही फुफ्फुसातली गाठ आहे. त्यामागे रेडॉन आहे हे पटायला आणखी काही दशकं गेली. 1988 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं रेडॉनला माणसात कॅन्सर करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकलं. तंबाखूही त्याच गटात आहे.

भूकंप सांगणारा वायू

आपल्या भागात रेडॉन आला तो वेगळ्याच वाटेनं.

1966 साल आपल्याला ताश्कंदमुळे आठवतं. जानेवारीत लालबहादूर शास्त्री तिथं गेले. त्याच ताश्कंदमध्ये साडेतीन महिन्यांनी, 26 एप्रिलला, मोठा भूकंप झाला. तिथल्या शास्त्रज्ञांनी खोल विहिरीच्या पाण्याच्या जुन्या नोंदी काढल्या, तर भूकंपाच्या आधी पाण्यातला रेडॉन वाढत गेल्याचं दिसलं. जगभर आशा पालवली. भूकंपाआधी खडकावर ताण येतो, बारीक भेगा पडतात, अडकलेला रेडॉन सुटतो. म्हणजे तो मोजत राहिलं तर भूकंप आधी कळेल! विचार चुकीचा नव्हता. रशिया, चीन, जपान, सगळीकडे विहिरींवर पहारे बसले.

पुढच्याच वर्षी कोयनेचा भूकंप झाला. 1962 मध्ये शिवसागर भरायला लागल्यापासून खोऱ्यात हादरे सुरू झाले होते. लोक सांगत होते, यंत्रंही बसली होती. 13 सप्टेंबर 1967 ला पाचच्या वरचा धक्का बसला होता. डिसेंबरमध्ये 6.3 चा आला. धरणाच्या पाण्यामुळे चालना मिळालेल्या भूकंपांमधला हा जगातला सगळ्यात मोठा मानला जातो. 1985 च्या सुमारास वारणा धरण भरू लागलं, तसे हादरे दक्षिणेलाही सरकले. त्यामुळे आज भूगर्भशास्त्राच्या पुस्तकात 'कोयना-वारणा' असा जोडशब्द असतो. म्हणजे साताऱ्याचा पाटण आणि सांगलीचा शिराळा हे दोन तालुके जगाच्या भूकंप नकाशावर एकत्र नांदतात.

या पट्ट्यात हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनं, म्हणजे एनजीआरआयनं, 1990 च्या दशकात 21 बोअर मारून भूजलाची पातळी मोजायला सुरुवात केली. पुढे याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी कोयनेत पाण्याची विद्युतवाहकता आणि मातीतला रेडॉन यांवर नजर ठेवली आणि 2011 मध्ये त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. माझी जुनी बातमी त्याच सुमाराची. मथळा मीच दिला होता, 'वायू सांगणार भूकंपाची वर्दी'. आज तो वाचताना कानकोंडं होतं.

कारण वायूनं वर्दी दिली नाही. साठ वर्षं जगभर मोजून झालं. कधी भूकंपाआधी रेडॉन वाढतो, कधी वाढत नाही. कधी नुसता पाऊस पडला, हवेचा दाब बदलला, तरी वाढतो आणि भूकंप येतच नाही. ठिकाण, वेळ, तीव्रता, तिन्ही सांगेल असं त्यातून काही हाती लागलेलं नाही.

इटलीतली गोष्ट तर प्रत्येक वार्ताहरानं वाचावी अशी. 2009 च्या सुरुवातीला लाक्विला या गावी महिनोन्‌महिने छोटे हादरे बसत होते. जाम्पाओलो जुलियानी नावाच्या प्रयोगशाळा तंत्रज्ञानं रेडॉनच्या नोंदींवरून मोठ्या भूकंपाचा इशारा दिला. पण त्यानं सांगितलं होतं सुलमोना, तिथून पन्नासेक किलोमीटरवरचं गाव. तिथं काही झालं नाही आणि भीती पसरवल्याबद्दल त्याच्यावर तक्रार झाली. 31 मार्चला शास्त्रज्ञांची बैठक झाली आणि सरकारी अधिकाऱ्यानं लोकांना निश्चिंत राहायला सांगितलं. 6 एप्रिलच्या पहाटे लाक्विला कोसळलं, 309 माणसं गेली. पुढे सहा शास्त्रज्ञ आणि एक अधिकारी यांना 2012 मध्ये शिक्षा झाली. 2014 मध्ये अपिलात शास्त्रज्ञ सुटले, अधिकाऱ्याची शिक्षा कमी होऊन राहिली.

एकानं अर्धवट आकड्यांवर भीती घातली, दुसऱ्यानं आकड्यांशिवाय धीर दिला. आपल्या खोऱ्यातही हेच दोन आवाज ऐकू येतात. धक्का बसला की अर्ध्या तासात 'आज रात्री मोठा भूकंप' असा फॉरवर्ड येतो आणि सकाळी पत्रक येतं, 'नागरिकांनी घाबरण्याचे कारण नाही'. हे शेवटचं वाक्य मी स्वतः किती वेळा छापलंय, मोजदाद नाही.

घरातला रेडॉन

भावाच्या फोनमागचा इतिहास यापेक्षा वेगळा आहे आणि जास्त पक्का आहे.

डिसेंबर 1984. पेनसिल्व्हेनियात लिमरिक इथं अणुवीज केंद्र बांधून होत आलं होतं. स्टॅन्ली वॉट्रस नावाचा इंजिनियर किरणोत्साराची तपासणी करणाऱ्या यंत्रातून गेला की घंटा वाजायची. गंमत म्हणजे केंद्रातून अजून वीजनिर्मिती सुरूच झालेली नव्हती. एक दिवस तो सकाळी कामावर येताना, आत पाऊल टाकण्याआधीच त्या यंत्रातून गेला, तरी घंटा वाजली. म्हणजे किरणोत्सार तो घरून घेऊन येत होता. घर तपासलं तर रेडॉन 2,700 पिकोक्युरी निघाला. तिथली मर्यादा पुढे ठरली ती 4 ची! बायकामुलांसह त्याला घर सोडावं लागलं. जमिनीखालची दुरुस्ती केल्यावर काही महिन्यांनी ते कुटुंब त्याच घरात परत राहायला आलं. त्या घराखालून 'रीडिंग प्राँग' नावाचा जुन्या, युरेनियमयुक्त खडकाचा पट्टा जातो. तोच पट्टा पुढे उत्तर न्यू जर्सीत जातो. माझ्या भावाचं घर त्याच अंगाला आहे.

त्यानंतर अमेरिकेत घर घेताना छत, वाळवी, प्लंबिंग यांच्या बरोबरीनं रेडॉन तपासायची रीत पडली. 2005 मध्ये युरोपातल्या 13 अभ्यासांचा एकत्र हिशोब प्रसिद्ध झाला. घराच्या हवेत दर घनमीटरला 100 बेकरेल रेडॉन वाढला की फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका सुमारे 16 टक्के वाढतो, असं त्यातून निघालं. बेकरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं. दहा बाय दहाच्या, दहा फूट उंचीच्या खोलीत साधारण 28 घनमीटर हवा असते. तिथं 100 बेकरेल म्हणजे खोलीभर सेकंदाला 2,800 अणू फुटतायत, आपण टीव्ही बघतोय.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2009 मध्ये घरासाठी 100 बेकरेलची पातळी सुचवली. अमेरिकेचे 4 पिकोक्युरी म्हणजे 148 बेकरेल. संघटनेच्या अंदाजानं देशोदेशी फुफ्फुसाच्या कॅन्सरपैकी 3 ते 14 टक्के रेडॉनमुळे होतात. आणि हे नीट वाचा, रेडॉनचा धोका बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला न ओढणाऱ्याच्या सुमारे 25 पट. निपाणी-जयसिंगपूरची तंबाखू शेजारी असलेल्या आपल्या भागाला हे जास्त लागू. पहिलं काम बिडी विझवण्याचं, रेडॉन नंतर.

आपल्या पायाखाली काय आहे?

भारतातही मोजलं गेलंय. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं देशभर घरांत छोट्या डब्या टांगून पाहणी केली. डबीत एलआर-115 नावाची फिल्म असते. किरण पडले की तिच्यावर सूक्ष्म ओरखडे उठतात. तीन महिन्यांनी फिल्म रसायनात धुऊन ओरखडे मोजायचे. त्या पाहणीत घरांची सरासरी 23 बेकरेलच्या आसपास आली, जगाच्या सरासरीपेक्षा कमी. पण सगळ्यात वरचं घर 147 च्या घरात होतं. सरासरी हा देशाचा आकडा झाला. तुमच्या घराचा आकडा तुमच्या घरातच कळतो.

आपली बाजू मात्र बरी आहे. सातारा-सांगली उभी आहे ती काळ्या पाषाणावर, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यावर. या बेसाल्टमध्ये युरेनियम ग्रॅनाइटच्या मानानं फारच कमी असतं. ग्रॅनाइट आपल्याकडे आहे, पण खोल. पाटण तालुक्यात गोठणे इथं 2017 मध्ये तीन किलोमीटर खोल बोअर पूर्ण झाला. कराडजवळ हजारमाचीला त्यासाठी खास प्रयोगशाळा आहे. त्या भागातल्या बोअरांनी दाखवलं, की साधारण एक किलोमीटर लाव्ह्याचे थर ओलांडले की खाली ग्रॅनाइटच्या जातीचा प्राचीन खडक लागतो. नांदेडकडे देगलूरला किंवा विदर्भाच्या पूर्वेला हाच जुना खडक उघडा पडलेला आहे. आपल्यावर बेसाल्टचं जाड पांघरूण आहे.

दुसरं भाग्य घरांचं. कौलारू घर, उंच आढं, खिडक्या दिवसभर सताड उघड्या, मधून चौक. सारवलेली जमीन वायू अडवत नाही, पण आलेला वायू थांबतही नाही. अमेरिकेसारखं तळघरात राहणं नाही, थंडीत सहा महिने दारं-खिडक्या बंद करून हीटर लावणं नाही. तिथं घरातली गरम हवा वर जाते आणि जमिनीतली हवा आत ओढली जाते. आपल्याकडे तसं कमी.

पण ही घरं आता बदलतायत. स्लायडिंगच्या खिडक्या, एसी, डासांसाठी संध्याकाळपासून बंद घर. तळमजल्यावर, जोत्याच्या खाली उतरलेली गोडाऊनं आणि दुकानं. कृष्णाकाठची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि फरशीला, जोत्याला भेगा पडतात. हे सांगलीकरांना सांगायला नको. पाटण-शिराळ्यात वर्षानुवर्षं हादरे खाल्लेल्या भिंती आहेत. भेग म्हणजे वायूची वाट. त्या वाटेनं किती येतो, ते मोजल्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही. मीही सांगत नाहीये. एवढं वाचून 'कोयना खोऱ्यात विषारी वायू' असा मथळा कुणी केला, तर ती माझी जुनीच चूक होईल.

ग्रॅनाइटच्या ओट्याचं दोघा-तिघांनी विचारलं. ओटा काढून टाकू नका. स्वयंपाकघरातल्या एका फरशीतून येणारा रेडॉन सहसा नगण्य असतो. मुख्य वाट जमिनीतून आहे.

मोजायचं कसं, कमी कसं करायचं?

मोजायला दोन रीती. कोळशाची डबी दोन ते सात दिवस ठेवायची, अंदाज येतो. फिल्मची डबी तीन महिने किंवा जास्त ठेवायची, तो आकडा जास्त भरवशाचा, कारण रेडॉन दिवस-रात्र, पावसाळा-उन्हाळा बदलत राहतो. डबी तळमजल्यावरच्या, ज्या खोलीत जास्त वेळ जातो त्या खोलीत ठेवायची. झोपायची खोली उत्तम. श्वासाच्या उंचीवर, खिडकी-पंख्यापासून लांब. न्हाणीघरात, चुलीपाशी नको.

जास्त निघालाच तर घाबरायचं नाही. पाण्यातल्या आर्सेनिकपेक्षा हे सोपं आहे. आधी खेळती हवा, सकाळ-संध्याकाळ समोरासमोरच्या खिडक्या उघडायच्या. मग भेगा, पाईपभोवतीची भोकं, भिंत आणि फरशीचा सांधा बुजवायचा. तरी भागलं नाही तर फरशीला एक भोक पाडून खालच्या सोलिंगपर्यंत पीव्हीसी पाईप घालायचा, तो छताच्या वर न्यायचा आणि त्याला छोटा पंखा जोडायचा. पंखा फरशीखालची हवा ओढून परस्पर वर सोडतो, ती घरात शिरतच नाही. भावाच्या घराला विकणाऱ्यानं हेच बसवून दिलं. परत मोजलं, तर सहाचा आकडा एकच्या आत.

नवीन बांधणाऱ्याला तर हे आणखी स्वस्त. सोलिंगवर कोबा टाकायच्या आधी जाड प्लास्टिक अंथरायचं आणि एक रिकामा पाईप वर काढून ठेवायचा. गरज पडली तर पंखा लावता येतो, नाही पडली तर पाईप तसाच राहील. आमच्या गल्लीतल्या मिस्त्रीला विचारलं तर म्हणाला, "ओल पण कमी येईल की साहेब." तेही खरंच.

शेवटी एक मागणं

कोयना-वारणा हा भारतातला सगळ्यात जास्त ऐकला गेलेला जमिनीचा तुकडा असेल. भूकंपमापक आहेत, बोअर आहेत, जमिनीत तीन किलोमीटर खोल जाऊन पाहिलंय. सगळं मोजमाप भूकंपासाठी, आणि ते हवंच. रेडॉनलाही आपण भूकंपच विचारला. त्याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. जे उत्तर त्याच्याकडे नक्की आहे, या घरात श्वास घेणं कितपत बरं, ते आपण विचारलं नाही. भावाच्या गावात ते घर विकताना विचारतात. आपल्याकडे सातबारा, एनए, बोजा सगळं बघतात, पण जमिनीतून घरात काय येतं ते बघायची पद्धत नाही.

फार खर्चाचं काम नाही. कराडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, सांगलीचं वालचंद, कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ, यांच्यातल्या भौतिकशास्त्राच्या एखाद्या सरांनी मनावर घेतलं तर पाटण आणि शिराळ्यात शे-दोनशे घरं, काही शाळा, काही अंगणवाड्या वर्षभरात मोजून होतील. माझी अट एकच. निकाल फक्त शोधनिबंधात जाऊ नये. ज्याच्या घरात डबी टांगली त्याला त्याचा आकडा मराठीत, कागदावर, हातात मिळावा. आकडा कमी आला तर तो निवांत झोपेल, जास्त आला तर खिडकी उघडेल.

आजी शेवटपर्यंत रात्री दाराला कडी लावायची नाही. पळायला बरं म्हणायची. भूकंपाच्या भीतीनं उघडं राहिलेलं ते दार रात्रभर वारा आत सोडायचं.

तुमच्यापैकी कुणी शिक्षक, प्राध्यापक, ग्रामपंचायत सदस्य असाल आणि हे करायची इच्छा असेल तर कळवा. डब्या टांगायला घरं मी मिळवून देतो. पहिलं घर आमचंच.